एक लाखाची अनामत, साठ हजारांचा करार

ओळख पटेल असा तपशील गाळून ही हकीकत लिहीत आहे. मी तेव्हा वाकडमधल्या एका सोसायटीचा सचिव होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्यासमोर आले आणि शेवटची बैठकही माझ्याच टेबलावर झाली. या प्रकरणात मी दिलेला एक सल्ला चुकला. तो कुठे चुकला, हेही पुढे येईल.

पार्श्वभूमी

जून २०२१. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, हिंजवडीतली ऑफिसं बंद होती. भाडी उतरली होती, अनामत मात्र होती तिथेच होती. लातूरकडच्या एका जोडप्याने एजंटमार्फत आमच्याकडे दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. भाडं २२,०००, अनामत १,००,०००. मालक नाशिकला राहणारे, निवृत्त, बोलायला गोड. जोडपं त्यांना पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणू लागलं.

एजंट म्हणाला, “साठ खात्यात टाका, चाळीस रोख द्या. करारात साठच दाखवू, स्टँप ड्यूटी वाचेल.” हे वाक्य पुण्यात इतकं सर्रास ऐकू येतं की त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मी नंतर मांडला. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या करारावर, महाराष्ट्रात ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. परत करायच्या अनामतीच्या बाबतीत ते अख्ख्या रकमेवर न लागता, त्या रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या व्याजावर लागतं. चाळीस हजारांवर अकरा महिन्यांचं असं व्याज ३,६६७ रुपये होतं आणि त्याच्या पाव टक्क्याचे होतात नऊ रुपये. नऊ रुपये वाचवण्यासाठी चाळीस हजार कागदाबाहेर ठेवले गेले.

करार दोनदा रीतसर ऑनलाइन नोंदवला गेला, अंगठे वगैरे देऊन. तिसऱ्यांदा, एप्रिल २०२३ मध्ये, काका म्हणाले, “आता घरचेच झालात, कशाला पुन्हा नोंदणीचा खर्च?” शंभराच्या स्टँपपेपरवर मजकूर छापला, नोटरीचा शिक्का मारला. भाडं २४,०००, मुदत २९ फेब्रुवारी २०२४ पर्यंत, अनामत ‘पूर्वीप्रमाणे’. नोटरी म्हणजेच नोंदणी, असा समज भल्या भल्या शिकलेल्यांचा असतो. या दोघांचाही होता.

अडचण कुठे सुरू झाली

जोडप्याने बाणेरला स्वतःचं घर घेतलं. ३ फेब्रुवारीला नवऱ्याने काकांना व्हॉट्सअॅपवर कळवलं की करार संपतोय, महिनाअखेरीस जागा सोडतो. उत्तर आलं, ‘ओके, अभिनंदन.’ ५ मार्चपासून काकांनी नवा भाडेकरूही ठरवून टाकला.

२८ तारखेला सामान भरलेला टेम्पो गेटवर अडला. वॉचमन म्हणाला, मालकांचा फोन आलाय, हिशेब झाल्याशिवाय गाडी सोडू नका. मला खाली बोलावलं. मी टेम्पो सोडला. याबद्दल काका माझ्यावर आजही नाराज आहेत, पण मालक आणि भाडेकरू यांच्या पैशांच्या वादात सोसायटीने कोणाचं सामान अडवण्याचा प्रश्नच येत नाही. गेटपास सोसायटीच्या शिस्तीसाठी असतो, वसुलीसाठी नव्हे. त्याने हटून चौकी गाठली असती, तर गैरपणे अटकाव केल्याची तक्रार वॉचमन आणि सोसायटीवर आली असती. काकांना तिची झळ लागली नसती.

त्याच संध्याकाळी काकांचा हिशेब आला. रंगकाम २८,०००. साफसफाई ४,५००. किचनच्या ट्रॉल्या ९,०००. बेसिनला तडा ३,५००. ‘लेखी नोटीस न दिल्याबद्दल’ एक महिन्याचं भाडं २४,०००. तेहतीस महिन्यांचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी लावते ते) ६,६००. शेवटचं वीजबिल १,८४०. एकूण ७७,४४०. खाली एक ओळ होती: करारात अनामत ६०,००० असल्याने आपणच १७,४४० देणे लागता.

चाळीस हजारांचं काय, असं त्याने फोनवर विचारलं. काका म्हणाले, “रोखीचं मला काही आठवत नाही बुवा.”

कायद्यात काय आहे, काय नाही

भाडेकरूची बहीण कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. ती फोनवर म्हणाली, “आमच्याकडे एकवीस दिवसांत डिपॉझिट परत द्यावं लागतं. कापलं तर कशाचे किती, ती यादी द्यावी लागते. वाईट हेतूने दाबून ठेवलं तर कोर्ट अनामतीच्या दुपटीपर्यंत दंड लावू शकतं. तुमच्याकडे किती दिवस?”

आमच्याकडे असा आकडाच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये लिव्ह अँड लायसन्सच्या अनामतीला कमाल मर्यादा नाही आणि ती किती दिवसांत परत करायची हेही नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच अनामत आणि ताबा घेतानाच ती परत, असं आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे आणि हे प्रकरण चालू होतं तेव्हा महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नव्हता. थोडक्यात, अनामतीबद्दल आपल्याकडे जो काही कायदा आहे तो करारातल्या त्या एका कलमात असतो. बहुतेक जण सही करताना ते वाचतही नाहीत.

मालकाला मात्र कायद्याने जवळची वाट दिली आहे. मुदत संपूनही परवानाधारकाने (म्हणजे अशा करारातल्या भाडेकरूने) जागा सोडली नाही, तर १९९९ च्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूची अनामत अडकली तर त्याला अशी वाट नाही. त्याने दिवाणी कोर्टात जायचं, मुदत तीन वर्षं. पोलिसांकडे गेलं की ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्यालाही तेच मिळालं, आणि इथे ते बरोबरच होतं.

एक कलम मात्र त्याच्या बाजूने उभं राहिलं. त्याच अधिनियमाचं कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं. उलट सिद्ध करायचं असेल तर ते मालकाने करायचं. काकांनी नोंदणीचे हजार-दोन हजार वाचवले आणि त्या बदल्यात ‘अनामत किती’ या प्रश्नाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. नऊ रुपयांचा पहिला शहाणपणा भाडेकरूला नडला होता, हा दुसरा मालकाला नडला.

समोरचे पर्याय

२८ च्या रात्री भाडेकरू माझ्याकडे आला. सामान गेलं होतं, दोन्ही चाव्या त्याच्या खिशात होत्या. मुदतीचा एक दिवस बाकी होता.

शेवटच्या महिन्याचं भाडं न देता ते अनामतीत वळतं करणं, हा पुण्यातला रूढ मार्ग. तो हातचा गेला होता, कारण फेब्रुवारीचं भाडं त्याने पाच तारखेलाच भरलं होतं. शिवाय करारात ‘अनामत भाड्यात वळती करता येणार नाही’ असं स्पष्ट होतं. सरळ माणसाचं सरळ वागणं इथे त्याला महाग पडलं, पण म्हणून भाडं बुडवायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरा मार्ग चावी न देण्याचा. काही करारांत असं कलम असतं की मालकाने अनामत परत केली नाही, तर ती मिळेपर्यंत परवानाधारक भाडं न देता जागेत राहू शकतो. त्याच्या पहिल्या दोन करारांत ते होतं. नोटरीवाल्या तिसऱ्यात ते गळालं होतं. कोणी मुद्दाम गाळलं की टायपिस्टने जुना नमुना उचलला, देव जाणे.

तिसरा, चावी द्यायची पण ताबापावती लिहून घ्यायची, मग नोटीस, मग गरज पडली तर दावा.

चौथा, काकांच्या सगळ्या कपाती मान्य करून लाखातले उरलेले बावीस हजार पदरात पडले तर घ्यायचे आणि विसरून जायचं. त्याची बायको याच मताची होती. घरात दीड वर्षाचं मूल, नव्या घराचा हप्ता सुरू झालेला. तिचं म्हणणं भित्रेपणाचं मुळीच नव्हतं. कोर्टात किती वर्षं जातात हे तिने माहेरच्या शेतीच्या वादात पाहिलं होतं.

मी तिसरा पर्याय सुचवला. कारण सांगितलं कलम २४ चं: उगाच दुप्पट भाड्याचं शुक्लकाष्ठ मागे लावून घेऊ नको.

काय केलं

२९ ला काकांचा पुतण्या आला. म्हणाला, “काकांनी सांगितलंय, बाकीचं उद्या बोलू, चावी द्या.” आम्ही एका कागदावर लिहून घेतलं: दोन चाव्या आज मिळाल्या, वीजमीटरचं रीडिंग अमुक, अनामतीचा हिशेब बाकी. पुतण्याची सही, माझी साक्षीदार म्हणून सही. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, नळ उघडून, दिवे लावून, ट्रॉल्या ओढून. चावी गेली. ‘उद्या’ काही आला नाही. तीन दिवसांनी काकांनी फोन उचलणं बंद केलं.

मग पुरावे गोळा करण्याचं काम. रोख चाळीस हजारांसाठी त्याने जून २०२१ चं बँक स्टेटमेंट काढलं. दोन दिवसांत एटीएममधून वीस-वीस हजार काढलेले दिसत होते. पण काढले म्हणजे दिले असं होत नाही. खरा दुवा बायकोच्या जुन्या फोनमध्ये सापडला. काकांचा मेसेज: ‘४० मिळाले. एजंटला सांगितलं. शुभेच्छा.’ वकिलांनी तो स्क्रीनशॉट म्हणून न ठेवता चॅट जशीच्या तशी काढायला लावली आणि फोन जपून ठेवायला सांगितला, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे.

बेसिनचा तडा एजंटमुळे सुटला. त्याने २०२१ मध्ये जाहिरातीसाठी काढलेले फोटो त्याच्या फोनमध्ये अजून होते आणि बाथरूमच्या फोटोत तीच रेघ दिसत होती. एजंट काही उपकार म्हणून आला नाही. बाणेरच्या फ्लॅटच्या व्यवहारात त्याला दलाली मिळाली होती.

वकिलांच्या नोटिशीत (फी ३,५००) एकेक कपात घेतली होती. नोटीस न दिल्याबद्दल मागितलेल्या महिन्याच्या भाड्याला काहीच आधार नव्हता. महिन्याची नोटीस मुदतीआधी जागा सोडणाऱ्यासाठी असते आणि इथे मुदत आपोआप संपली होती. बिनभोगवटा शुल्क सोसायटी मालकाला लावते. शासनाने २००१ मध्ये ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधलं आहे. आमच्याकडे ते महिना २०० रुपये, काका तीन वर्षं मुकाट्याने भरतही होते. भाडेकरूने ते द्यायचं असं करारात कुठेही नव्हतं. मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे, एवढंच लिहिलं होतं.

रंगाचा मुद्दा खरा वादाचा. करारात ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता’ जागा होती तशी परत करायची, असं होतं. तेहतीस महिन्यांत भिंतीचा रंग मळतो, ती झीजच. पण लहान खोलीच्या एका भिंतीवर मुलाने खडूने अख्खी बाग काढली होती, कमरेपर्यंत. ती झीज नव्हे, आणि आईने ते आधीच कबूल केलं होतं. त्यामुळे नोटिशीतच लिहिलं की त्या भिंतीचा खर्च मान्य, पूर्ण घराचा नाही. ट्रॉल्यांबाबत खरं बिल दाखवा, म्हटलं. वीजबिल मान्य.

ही कबुली नोटिशीत घालावी की नाही यावर आमची चर्चा झाली होती. वकील म्हणाले, जे देणं लागतं ते आपणहून लिहिलं की उरलेलं मागायला तोंड राहतं. नोटिशीत ठराविक तारखेपर्यंत रक्कम द्या, न दिल्यास त्या तारखेपासून व्याज मागू, असंही होतं. करारात व्याजाचं काही नसलं तरी १९७८ च्या व्याज अधिनियमाखाली लेखी मागणीपासून व्याज मागता येतं. नुसते फोन करत बसलं तर हा हक्क जागा होत नाही.

एक गोष्ट मुद्दाम घातली नाही. तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम २६९एसएस वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख ठेव घेण्यावर बंदी घालत होतं. घरभाड्याची अनामत त्यात बसते की नाही यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. त्याच्या मित्रांचं म्हणणं होतं, टाका ते, काका घाबरतील. वकिलांनी ठाम नकार दिला: हक्काचे पैसे मागताना धमकीचा वास आला की आपलीच बाजू पडते. कलम ५५ मात्र टाकलं, कारण त्याचा थेट संबंध अनामतीच्या रकमेशी होता.

निकाल

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली आणि व्हॉट्सअॅपवरही. दहाव्या दिवशी काकांच्या मुलाचा मला फोन आला. त्याला चाळीस हजारांचं माहीतच नव्हतं. मेसेजची प्रत पाहिल्यावर त्याचा सूर बदलला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बसलो. काका आले ते पेढे घेऊन, कुठल्याशा नातीच्या बारशाचे. वातावरण अवघडलेलं आणि त्यात पेढे.

वीजबिल १,८४०, एका भिंतीचा रंग ३,५००, ट्रॉल्यांच्या दोन चॅनेलचं बिल २,६००. खरा हिशेब ७,९४० चा. काका साफसफाई आणि रंगाचा ‘थोडा तरी’ वाटा यांवर अडून बसले. तासाभराने आकडा ८४,००० वर थांबला. म्हणजे भाडेकरूने हक्काचे ८,०६० सोडले. मला ते खटकत होतं. त्याच्या बायकोने टेबलाखालून त्याला ढोसलं आणि तो ‘चालेल’ म्हणाला.

पन्नास हजार तिथेच फोनवरून आले, उरलेले चौतीस १० मेपर्यंत देण्याचं ठरलं. मुलाने ‘सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार उरली नाही’ असा कागद टाइप करून आणला होता. भाडेकरू त्यावर तशीच सही करायला निघाला होता. मी हात धरला. कागदात ‘उर्वरित ३४,००० खात्यात जमा झाल्यानंतर’ हे शब्द पेनाने घालून दोघांच्या सह्या घेतल्या. पैसे १० ला आले नाहीत, १४ ला आले.

काय वेगळं करता आलं असतं

रोखीची पावती, आत येतानाचे फोटो, तिसऱ्या कराराची नोंदणी, या गोष्टी आता कोणीही सांगेल. शिवाय तिसरा करार आधीच्या दोन करारांशेजारी ठेवून ओळीने वाचला असता, तर गळालेलं कलम पाच मिनिटांत सापडलं असतं.

माझा सल्ला चुकला तो चावीचा. त्या रात्री मी कलम २४ चं नाव घेतलं, पण आकडेमोड केली नाही. भाडं २४,०००, दुप्पट ४८,०००, म्हणजे दिवसाला १,६००. नवा भाडेकरू ५ मार्चला येणार होता, काकांना काहीही करून त्याआधी चावी हवी होती. ‘चावी तयार आहे, अनामत जमा करा आणि घेऊन जा’ असा मेसेज टाकून तो पाच दिवस थांबला असता, तर अगदी वाईटात वाईट धरून ८,००० चा धोका होता. तोही काकांनी अर्ज केला आणि प्राधिकाऱ्याने आदेश दिला तरच. चावी देऊन त्याचे ८,०६० गेले, वर वकिलाची फी आणि अडीच महिने. अनामत मिळेपर्यंत राहू देणारं ते गळालेलं कलम करारात असतं तर विचारायलाच नको होतं. ते नसतानाही चावी आणि पैसे एकाच वेळी हातात पडावेत असं म्हणणं आणि जागा बळकावून बसणं यात फरक आहे. मी तो फरक त्या रात्री केला नाही. कायद्याचा धाक मला वाटला आणि मी तो त्याला दिला.

काकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. भिंत आणि ट्रॉल्यांचं त्यांचं म्हणणं खरं होतं. २८ तारखेला त्यांनी सात-आठ हजारांचा साधा हिशेब पाठवला असता, तर जोडप्याने त्याच दिवशी मान्य केला असता, हे त्यानेच मला सांगितलं.

हे लिहिण्याआधी तारखा तपासायला मी सोसायटीची फाइल काढली. त्याच फ्लॅटच्या नव्या भाडेकरूच्या कराराची प्रत त्यात लावलेली होती. या वेळी नोंदणी केलेली. अनामतीच्या रकान्यात ६०,०००. तो संध्याकाळी जिमला जाताना भेटला, म्हणून सहज विचारलं. म्हणाला, “हो सर, साठ खात्यात दिले. बाकीचे रोख.”